विद्यार्थी असताना मायक्रोकंट्रोलरचे ड्रायव्हर (चिपचं हार्डवेअर चालवणारा कोड) स्वतः लिहायला कसं शिकावं?

एकच चिप धरा आणि तयार लायब्ररी बाजूला ठेवा. एसटीएम३२एफ१०३ चांगली आहे. तिचं रेफरन्स मॅन्युअल (आरएम०००८) हेच तुमचं पाठ्यपुस्तक. हजारापेक्षा जास्त पानं बघून घाबरू नका, एका वेळी एकच प्रकरण वाचायचं.

पहिलं काम एलईडी पेटवणं. इथेच बहुतेक जण अडतात: पोर्टच्या (पिनांच्या गटाच्या) रजिस्टरमध्ये, म्हणजे हार्डवेअरला हुकूम देणाऱ्या मेमरीच्या जागेत, लिहिलं तरी काहीच होत नाही, कारण त्या पोर्टचा क्लॉकच (त्याला चालवणारा ठोका) चालू केलेला नसतो. पोर्ट सी साठी आरसीसीच्या (चिपमधले क्लॉक सांभाळणाऱ्या भागाच्या) एपीबी२ईएनआर रजिस्टरमधला बिट ४ आधी १ करा. रजिस्टरच्या पॉइंटरला 'व्होलाटाइल' लावायला विसरू नका, नाहीतर कंपायलर तुमचं वाचन-लेखन अनावश्यक समजून गाळू शकतो. ही चूक शोधण्यात मी दोन रात्री घालवल्यात.

मग यूएआर्ट (एकेक बिट पाठवून दुसऱ्या यंत्राशी बोलणारा भाग). ८ मेगाहर्ट्झ क्लॉक आणि ९६०० बॉड (सेकंदाला इतके बिट) हवा असेल, तर ८०,००,००० भागिले ९६००, म्हणजे साधारण ८३३, बीआरआरमध्ये (वेग ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये) टाका. हा आकडा स्वतः काढून पहिलं अक्षर स्क्रीनवर दिसलं, की मॅन्युअलची भीती जाते. तेच आधी पोलिंगने (कोडने सतत विचारत राहून), मग इंटरप्टने (हार्डवेअरने स्वतः हाक मारून) करा. एसपीआय, आयटूसी (चिपांना आपसात जोडणाऱ्या पद्धती) त्यानंतर. तेव्हा मात्र स्वस्तातला का होईना, लॉजिक अ‍ॅनालायझर (तारांवरचे सिग्नल दाखवणारं यंत्र) जवळ हवाच.