मुख्याध्यापिका व्हायचंय? मग आधी वर्गात जा

प्रश्न : बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिप एका अनुदानित शाळेत चालू आहे. तिथल्या शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापकांबद्दल रोज नाराजी ऐकू येते. मला पुढे शाळा चालवायची आहे. बी.एड. झाल्यावर लगेच शालेय व्यवस्थापन शिकू, की आधी शिकवू?

उत्तर : आधी शिकव. आणि ती नाराजी नुसती कुरकुर म्हणून कानाआड करू नकोस. पुढे तुलाही याच खोलीत तोललं जाणार आहे.

मी गणिताचा शिक्षक होतो. नव्या नोकरीत एकदा एक पालक गुणांवरून ऑफिसात आवाज चढवून बोलायला लागले. आमच्या मुख्याध्यापिका बाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, “पेपर मी स्वतः पाहते, तुम्ही उद्या या.” पालक गेल्यावर त्यांनी दार लोटलं, पेपर माझ्यापुढे ठेवला आणि दोन उदाहरणांवर बोट ठेवलं. पायऱ्यांचे गुण मी दिलेच नव्हते. चूक माझीच होती, पण ती चार भिंतींच्या बाहेर गेली नाही. बाई स्वतः दहावीची भूमिती घ्यायच्या, म्हणून त्यांचं बोट नेमकं तिथे गेलं. पुढे त्यांनी सांगितलेलं जादा काम मी कधी टाळलं नाही. दुसऱ्या एका शाळेत परिपाठाला, मुलांच्या रांगांसमोर, एका सहकारी बाईंना उशिरावरून मुख्याध्यापकांची बोलणी बसली. त्यानंतर त्यांनी स्नेहसंमेलनात कधी हौसेनं भाग घेतला नाही.

नियमही तुला वर्गातच पाठवतो. खाजगी अनुदानित शाळांना 1981 ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. माध्यमिक शाळेचं मुख्याध्यापकपद तिच्यानुसार ज्येष्ठतेनं मिळतं, आणि पदवीनंतर किमान 5 वर्षं शिकवलेलं असावं लागतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका अनेक शिक्षक नोकरी सांभाळून करतात. तीन-चार वर्षं शिकवल्यावर ती घे, म्हणजे पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाला तुझ्याकडे एखादा खरा प्रसंग असेल.

मुख्याध्यापकांची बाजूही समजून घे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत पूर्णवेळ मुख्याध्यापक सहावी ते आठवीत 100 च्या वर मुलं असतील तेव्हा येतो; पहिली ते पाचवीत मुख्याध्यापक 150 च्या वर. लहान शाळेत मग एखादा शिक्षकच प्रभारी म्हणून वर्ग सांभाळून यू-डायस (शाळेची सरकारला द्यायची माहिती), शालार्थ या सरकारी प्रणालीतली पगारबिलं, पोषण आहाराच्या नोंदी पाहतो. शिक्षकांना वाटतं, साहेब आमच्याकडे बघत नाहीत. पुष्कळदा साहेब माहिती भरण्याच्या शेवटच्या तारखेकडे बघत असतात. हे सांगितलं तर शिक्षक समजून घेतात, पण सांगणारे मुख्याध्यापक मला कमी भेटले. माझ्या मते अर्धी नाराजी या न बोलण्यातूनच येते.

तुझे उरलेले आठवडे असे वापर. रजेवरच्या शिक्षकांचे तास कुणाला द्यायचे, हे सकाळी ठरतं त्या टेबलाशी बसायची परवानगी माग. रोज कोणाकोणाला जादा तास मिळाला ते वहीत लिही. महिनाभरानं ती वही उघड आणि शिक्षकांच्या खोलीत सर्वांत जास्त कोण चिडलेलं असतं, तेही आठवून बघ.