एफडी मोडून ती रक्ताची टेस्ट करायची का?

इचलकरंजीहून एका ताईंचा मेल आलाय, त्यांना विचारून, नाव गाळून इथेच उत्तर देतोय. मिस्टर ५४ वर्षांचे, कापडाचं छोटं दुकान. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, थर्ड स्टेज, ऑपरेशन झालं, केमो संपून आठ महिने झाले, सध्या तब्येत चांगली आहे. एका लॅबच्या माणसाने सांगितलं की रक्तात कॅन्सरचा डीएनए शोधणारी टेस्ट आहे, स्कॅनवर दिसायच्या कितीतरी महिने आधी कळतं, दोन वर्षांचं पॅकेज २ लाख ८० हजार. घरात ११ लाखांची एकच एफडी आहे, ती मोडू की दीर म्हणतात तसं पर्सनल लोन काढू? आणि शेवटी लिहिलंय, "पैशासाठी मागे हटलो असं नंतर वाटायला नको."

ताई, ते शेवटचं वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसलो, कारण आकडेमोड सोपी आहे पण त्या वाक्याला नुसत्या आकड्यांनी उत्तर देता येत नाही. माझं मत आधीच सांगतो, पर्सनल लोन अजिबात नको, आणि पूर्ण पॅकेजचे पैसे आत्ता भरू नका. टेस्ट खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, ती खरी आहे. पण रिपोर्ट आल्यावर डॉक्टर काही वेगळं करणार असतील तरच त्या पैशाचा उपयोग, आणि तेच तुम्ही अजून त्यांना विचारलेलं नाहीये.

आतड्याच्या दुसऱ्या स्टेजच्या ४५५ पेशंटवर ऑस्ट्रेलियात एक मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आले. एका गटात केमो द्यायची की नाही हे ह्या डीएनए टेस्टवरून ठरवलं, तिथे फक्त १५ टक्के लोकांना केमो लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना, आणि दोन वर्षांनी कॅन्सर न उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. म्हणजे रिपोर्टने निर्णय बदलला आणि माणसांची केमो वाचली. आता दुसरी बाजू. माझ्या मावशीला ओव्हरीचा कॅन्सर होता, ती दर महिन्याला सीए-१२५ ही कॅन्सरचा अंदाज देणारी रक्ततपासणी करायची आणि आकडा कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची, २८, ३१, ३४, आणि आकडा वाढला की त्या आठवड्यात घरात कोणी नीट जेवायचं नाही. ह्याच टेस्टवर २०१० मध्ये युरोपातला अभ्यास आला होता, आकडा वाढल्या वाढल्या केमो सुरू केलेल्या बायका त्रास होईपर्यंत थांबलेल्या बायकांपेक्षा जास्त जगल्या नाहीत, केमो मात्र जवळपास पाच महिने आधी सुरू झाली. लवकर कळलं म्हणजे वाचलोच, हे दरवेळी खरं नसतं.

तुमच्या मिस्टरांच्या आजारात लवकर कळण्याला अर्थ आहे, कारण लिव्हरमध्ये एखाद-दुसरीच गाठ असताना सापडली तर ती काढता येऊ शकते. पण त्यासाठी तुमच्याकडे सीईए ही साधी रक्ततपासणी आहेच की! तुम्ही पाठवलेल्या फोटोत ऑपरेशनच्या आधीचा सीईए १८.६ दिसतोय आणि नंतरचा २.१, म्हणजे त्यांचा आजार ह्या टेस्टमध्ये दिसतो, सगळ्यांचा दिसत नाही. सीईए हजार रुपयांच्या आत-बाहेर होते. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, दरवेळी एकाच लॅबमध्ये कारण लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत, शिवाय डॉक्टर सांगतील तेव्हा सीटी आणि ऑपरेशननंतर वर्षाच्या सुमारास करायची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी. तुमच्या मेलमध्ये कोलोनोस्कोपी "पुढे ढकलली" असं आहे, ताई, आधी ती करा, ह्या महिन्यातच करा. डीएनए टेस्ट निगेटिव्ह आली तरी ती सुटत नाही.

आता पैसे. घरखर्च ३८ हजार लिहिलाय, म्हणजे २ लाख ८० हजार हा सात महिन्यांहून जास्त घरखर्च झाला, आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर दुकान बंद राहणार तेव्हा नेमके हेच महिने लागतील. पॉलिसी ५ लाखांची आहे, पण ॲडमिट न होता नुसत्या तपासणीसाठी केलेला खर्च त्यात साधारणपणे बसत नाही, तेव्हा टेस्टचे पैसे परत मिळतील ह्या भरवशावर राहू नका, लॅबवाला काहीही म्हणो. पॉलिसीचं रिन्यूअल एक दिवसही चुकवू नका, आता नवीन पॉलिसी मिळणं फार अवघड आहे. आणि रेशनकार्ड, आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला एकदा भेटून या, त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पॉलिसी संपली तर हाच दुसरा आधार, आणि ही चौकशी गरज पडायच्या आधी झालेली बरी.

एकच ११ लाखांची एफडी ही मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. मुदत संपली की तिचे चार-पाच तुकडे करा, म्हणजे लाखाची गरज पडली तर अकरा लाखांचं व्याज कमी होणार नाही. त्याआधीच पैसे लागले तर मोडू नका, बँकेत एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढं कर्ज मागा, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, आणि जेवढे वापरले तेवढ्यावरच. पर्सनल लोनपेक्षा कितीतरी स्वस्त.

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना समोर बसून विचारा, स्कॅन क्लीन असताना ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तुम्ही काय कराल? "लगेच पेट स्कॅन, गाठ दिसली तर ऑपरेशन" असं ठोस उत्तर आलं आणि ते स्वतः म्हणाले की करून घ्या, तर एक टेस्ट करा, ओव्हरड्राफ्टमधून, पॅकेज नाही. पहिली बहुतेक महाग पडेल, कारण बऱ्याचदा गाठीतले बदल शोधून त्या एका माणसापुरती टेस्ट बनवावी लागते. "बघू, वाट बघू" असं उत्तर आलं तर एफडीला हात लावू नका. आणि कुठलंही उत्तर आलं तरी ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत जाऊन गाठीचा ब्लॉक अजून ठेवलाय का विचारा. मेणाचा छोटा चौकोनी तुकडा असतो, नंबर टाकलेला, बऱ्याचदा ह्या टेस्टला तोच लागतो आणि पुढे औषध ठरवतानाही मागतात.

कोलोनोस्कोपीची तारीख मिळाली की मला कळवा. एफडीच्या पावतीचा फोटोही पाठवा, मुदत बघून तुकडे कसे करायचे ते आपण फोनवर बसवू.