प्राणमय कोश शरीरात नेमका कुठे असतो? आणि प्राण म्हणजे ऑक्सिजनच ना?

सांगलीच्या एका शिबिरात तुम्हाला 'प्राणमय कोश' (माणसाच्या पाच थरांपैकी दुसरा, प्राणाचा थर) 'अशक्त आहे' असं सांगितलं, म्हणून तुम्ही हे दोन प्रश्न विचारलेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते लवकर आटपतं. नाही, प्राण म्हणजे ऑक्सिजन नाही. तो साधा वारासुद्धा नाही, हे वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनीच (२.४.९) सांगून टाकलंय. ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात जातो हे खरंच आहे, पण तो हिशोब घेऊन अपान आणि समान या प्राणाच्याच इतर प्रकारांपर्यंत गेलात की काहीच जुळत नाही.

प्रश्नोपनिषदात प्राणाची कामं छान लावून दिली आहेत. सम्राट जसा अधिकाऱ्यांना 'ही गावं तू सांभाळ, ती तू' असं नेमून देतो, तसा मुख्य प्राण इतरांना जागा वाटून देतो. (प्रांत, मामलेदार, तलाठी डोळ्यांसमोर आणा, चालेल.) डोळे, कान, तोंड, नाक इथे तो स्वतः, मलमूत्राच्या विसर्जनाकडे अपान, मधल्या भागात समान, जो खाल्लेलं अन्न सगळीकडे सारखं पोचवतो, नाड्यांमधून (प्राणाच्या वाहिन्यांतून) फिरणारा व्यान, आणि मरताना वर घेऊन जाणारा उदान. नाड्या किती? हृदयातून १०१, प्रत्येकीच्या १०० शाखा, प्रत्येक शाखेच्या ७२,००० उपशाखा. गुणाकार ७२ कोटी ७२ लाखांवर जातो. हा आकडा कुणी शवविच्छेदन करून मोजलेला नाही, एवढं तरी त्यावरून कळावं.

समर्थांच्या दासबोधात, सतराव्या दशकात, हीच वाटणी मराठीत आहे: व्यान सर्वांगात, समान नाभीत, उदान कंठात, अपान गुदात, प्राण नाकातोंडात. मी साताऱ्याचा, सकाळी इथल्या चार भिंतींच्या टेकडीच्या चढावर जातो. तिथे पाचांपैकी चार एकदम कामाला लागलेले दिसतात. धाप लागते, पोटऱ्यांत रक्त उसळतं, निघताना खाल्लेले पोहे पोटात जाणवतात, आणि सोबत्याशी बोलायला गेलं तर शब्द घशातच अडकतो. सांख्य दर्शनाचा ग्रंथ, सांख्यकारिका (२९), तर म्हणतो की पंचप्राण म्हणजे अंतःकरणाचा (मन, बुद्धी, अहंकार यांचा) सामाईक व्यापार. वेदान्त्यांना हे पटत नाही, ते प्राणाला वेगळं तत्त्व मानतात. म्हणजे 'प्राण नक्की काय' यावर आपल्याकडेही एकमत नव्हतं. शिबिरात मात्र ते एका वाक्यात उरकतात.

आता कोश. पाच थरांची मूळ जागा तैत्तिरीय उपनिषद. तिथे अन्नमयाबद्दल, म्हणजे अन्नाने बनलेल्या शरीराबद्दल, बोलून झाल्यावर म्हटलंय की याच्या आत दुसरा, प्राणमय आत्मा आहे, आणि 'तेनैष पूर्णः', त्याने हा भरलेला आहे. मग मनोमय (मनाचा), विज्ञानमय (बुद्धीचा), आनंदमय (आनंदाचा) असं आत आत जायचं, आणि प्रत्येक आतला बाहेरच्याला पूर्ण व्यापून असतो, त्याच माणसाच्या आकाराचा. म्हणून 'कुठे' या तुमच्या प्रश्नाला जागा दाखवून उत्तर देता येत नाही. नखापासून शेंडीपर्यंत अन्नमय, आणि तिथेच प्राणमय. छातीत एक, कपाळात एक अशी विभागणी त्या ग्रंथात नाही.

प्रत्येकाचं वर्णन पक्ष्याच्या रूपात आहे, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. प्राणमयाचं डोकं प्राण, उजवा पंख व्यान, डावा अपान, धड आकाश, शेपूट पृथ्वी. मनोमयाचं डोकं यजुर्वेद, पंख ऋक् आणि साम. विज्ञानमयाचं डोकं श्रद्धा, पंख ऋत (विश्वाचा नियम) आणि सत्य, आणि धड कोण? योग! तुम्ही-आम्ही चटईवर जो योग करतो त्याचं नाव इथे चौथ्या थरात, बुद्धीच्या गाभ्याशी आहे. आनंदमयाचं शेपूट ब्रह्म. मग आनंदमय हेच ब्रह्म, की तोही एक थर आणि ब्रह्म त्याच्या पलीकडे? शंकराचार्य दुसऱ्या बाजूचे, रामानुज पहिल्या. शतकानुशतकं यावर भाष्यं लिहिली गेली.

तैत्तिरीयाच्या पुढच्याच भागात, भृगुवल्लीत, या थरांचा उपयोग कळतो. भृगू वडिलांना, वरुणाला, ब्रह्म विचारतो. वरुण उत्तर देत नाही, 'तप करून शोध' म्हणतो. भृगू 'अन्न' असं ठरवून येतो, परत पाठवला जातो. मग प्राण, मन, विज्ञान, शेवटी आनंद. माझ्या मते थर आहेत ते असे: 'हाच मी' असं जिथे जिथे वाटतं त्या जागा, एकेक तपासून पुढे जाण्यासाठी. 'अशक्त' किंवा 'सशक्त' असा शेरा मारण्याची ती तपासणी नाही. आणि खालचा थर टाकाऊही ठरत नाही. तीच भृगुवल्ली 'अन्नाची निंदा करू नये' असं व्रत सांगते. जेवताना 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा' म्हणत पाच छोटे घास घेतात त्या प्राणाहुतीत अन्न आणि प्राण हे दोन थर रोज एकत्र येतात.

घोळ होतो तो वेगवेगळ्या परंपरा एकाच तक्त्यात बसवल्यामुळे. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच कोश नाहीतच. प्राणायाम आहे, उदान आणि समान यांवर जय मिळवण्याची सूत्रं आहेत, पण थर नाहीत. चक्रं आणि कुंडलिनी तंत्र आणि हठयोगाकडून आली. शिबिरातल्या रंगीत तक्त्यावर हे सगळं शेजारी शेजारी असतं. मूळ वाचायचं असेल तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या धर्मकोशातलं उपनिषत्कांड आहे, संस्कृत येत असेल तर.

आता तुमच्या शिबिराचं. अनुलोम-विलोम केल्यावर बरं वाटत असेल तर जरूर करा, त्यासाठी कोश मोजून घ्यायची गरज नाही. 'कोश दुरुस्ती'चे वेगळे पैसे मागत असतील तर मी देणार नाही. थकवा बरेच दिवस टिकला असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघून घ्या. आणि रक्तदाब असेल तर श्वास रोखून धरणारं कुंभक कुणी सांगितलं म्हणून सुरू करू नका. हठयोगप्रदीपिकाही म्हणते, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो.