हरिपूरचं पेव आणि 'सामावून घेणं'

विश्रामबागच्या एका ताईंनी विचारलंय : "आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाने यंदा एक फलक लावायचं ठरवलंय, 'विशेष मुलांना सामावून घेऊ या'. एका जाणकारांनी सांगितलं की 'सामावणे' हा 'समावेश'चा अपभ्रंश आहे, फलकावर शुद्ध शब्द हवा, तेव्हा 'समावेशन करू या' लिहा. खरं काय? माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे आणि शिकायला त्याला वेळ लागतो. त्याच्याबद्दल सांगताना 'मतिमंद' म्हणावं की 'गतिमंद', तेही सांगा."

ताई, 'सामावणे' हा कशाचाही अपभ्रंश नाही. 'समावेश'चा तर नाहीच नाही. आजीच्या तोंडचा शब्द तेवढा बिघडलेला आणि परिपत्रकातला तेवढा शुद्ध, ही समजूत मी गेली कित्येक वर्षं सांगलीतल्या व्याख्यानांत, उद्घाटनांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत ऐकतोय आणि दर वेळी संताप होतो. हा शब्द तर संस्कृतातून प्राकृतमार्गे, रस्ता न चुकता मराठीत आलेला आहे. त्याला उगाच दुसऱ्याच्या घरचा ठरवायचं कारण काय?

'सामावणे' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. व्युत्पत्ती बघू. मूळ धातू 'मा', म्हणजे मोजणे. त्याला 'सम्' लागला की 'संमा'. प्राकृतात झालं 'सम्मा'. जोड 'म्म' मराठीत सुटला की आधीचा स्वर लांबतो, हा आपल्या भाषेचा पक्का रिवाज. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. सप्त, सत्त, सात. तसंच 'सम्मा'चं 'सामा', आणि त्यावरून सामावणे. 'समावेश' फोडून बघा : सम् अधिक आ अधिक विश्, म्हणजे शिरणे. तिथे 'म' एकटाच आहे, जोडाक्षर नाहीच. मग 'स'चा 'सा' कशापायी व्हावा?

आणि त्या जाणकारांना माझा दुसरा प्रश्न. 'समावेश'मधला 'विश्' कुठे गेला? हा धातू मराठीत येताना त्यातल्या 'श'चा 'स' होतो, पण तो 'स' कधी गळत नाही. उपविश्, त्याचं प्राकृतातून बइसणे, ज्ञानेश्वरीत बैसणे आणि आज आपण म्हणतो ते बसणे. शतकं उलटली, 'उप'चा 'उ' गेला, 'वि' विरघळला, पण 'स' जागचा हलला नाही. 'सामावणे' जर 'समाविश्'वरून आला असता तर त्यातही 'स' दिसला असता. तो नाही. विषय मिटला.

पण या भांडणातून हाती एक वेगळंच रत्न लागलं, त्यासाठी त्या जाणकारांचे आभार मानतो. 'समावेश' आणि 'बसणे' ही एकाच धातूची लेकरं निघाली. ताई, ऑटिझम, डाउन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईबापांना शाळेत कोणतं वाक्य ऐकायला मिळतं? "बसू दे की वर्गात, आमची काही हरकत नाही." माझ्या मामेबहिणीने हे वाक्य तिच्या मुलासाठी तीन शाळांत ऐकलं. तिसऱ्या शाळेत तो चार वर्षं शेवटच्या बाकावर बसला. पटावर नाव होतं, हजेरी लागत होती, शेवटच्या वर्षी प्रगतिपुस्तकात शेरा होता, 'शांत बसतो'. धातूच्या दृष्टीने बघितलं तर समावेश पूर्ण झालेला होता. मूल आत शिरलं होतं, बसलं होतं. पण त्या वर्गात ते मावलं होतं का?

आता 'मा'कडे या. माप, मात्रा, परिमाण, प्रमाण, अनुमान, सगळी याचीच प्रजा. आपल्या घरातलं मापटंही याचंच : दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. पण संस्कृतातच या धातूला एक सुंदर वळण मिळालं. 'मोजणे'वरून 'मापात बसणे, जागा पुरणे' असा अर्थ झाला, आणि तोच आपला 'मावणे'.

माघ कवीच्या 'शिशुपालवध' या संस्कृत महाकाव्यात पहिल्याच सर्गात नारद श्रीकृष्णाकडे येतात. कवी म्हणतो, युगान्ती श्रीकृष्णाच्या ज्या देहात सगळी जगं ऐसपैस राहिली, 'तनौ ममुस्तत्र न', त्याच देहात मुनींच्या येण्याचा आनंद मावला नाही. 'ममुः' हे 'मा'चंच रूप. आणि गंमत बघा, जगांसाठी माघाने क्रियापद वापरलंय 'आसत'. 'आस्' म्हणजे बसणे, ज्यावरून आसन. एकाच श्लोकात बसणं आणि मावणं शेजारी शेजारी ठेवून कवीने दोन्हींतला फरक दाखवला आहे. मी हा श्लोक पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून अंगणात येरझाऱ्या घातल्या होत्या. 'आनंद गगनात मावेना' म्हणताना आपण आजही तोच धातू तशाच कामाला लावतो. आनंद फार मोठा झाला अशी तक्रार त्यात नाही. गगन अपुरं पडलं, एवढंच म्हणणं आहे.

ही माझी जुनी मांडणी आहे आणि ती मी सोडणार नाही : 'मावत नाही' या वाक्यात कर्ता वस्तू असली तरी दोष भांड्याकडे जातो.

पुरावा हरिपूरचा देतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या आमच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट रुंद, रांजणासारखी. तोंडावरची फरशी काढली की आधी बराच वेळ हवा लागू द्यायची, मगच माणूस आत उतरायचा. २००५च्या महापुराने त्यांची दैना केली. माझे आजोबा हळदीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते, लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. पेव भरताना मी काठावर उकिडवा बसलेला असे. आत हळदीचा ढीग वर वर येत जायचा, हवा पिवळी व्हायची, हमालांच्या पापण्यांवर हळद बसायची. एकदा शेवटची दोन पोती वर उरली. पेवात उतरलेल्या माणसाने मान वर करून ओरडून सांगितलं, "दिवाणजी, मावंना! पेव बारकं पडलं!" हळद जास्त झाली असं तो म्हणाला नाही. असं कुणीच म्हणत नाही, कारण हळद हे धन आहे. आजोबांनी वहीत दोन पोत्यांपुढे खूण केली आणि शेजारचं पेव उघडायला सांगितलं.

यावर एका मित्राने मला अडवलं होतं. म्हणाला, सांगली-मिरज एसटीत माणसं मावत नाहीत, तेव्हा माणसं जास्त झाली असाच अर्थ असतो. नसतो. स्टँडवर उभं राहून ऐका. कंडक्टरला लोक काय सांगतात? "दुसरी गाडी सोडा." ज्याचं असणं आपण धरून चाललोय, त्याच्या बाबतीत 'मावत नाही' म्हटलं की आपण जागा वाढवायला निघतो. ज्याचं असणंच धरलेलं नाही, त्याला आपण म्हणतो, "इथे नको, दुसरीकडे बघा."

२०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात समावेशक शिक्षणाची व्याख्या आहे. दिव्यांग मुलं आणि इतर मुलं एकत्र शिकतील, एवढ्यावर ती थांबत नाही. शिकवण्या-शिकण्याची पद्धत या मुलांच्या वेगवेगळ्या गरजांना जुळेल अशी बदललेली हवी, असंही ती म्हणते. म्हणजे कायद्याने नाव घेतलं समावेशाचं आणि वर्णन केलं मावण्याचं. भाषांतर करणाऱ्यांनी आजीला विचारलं असतं तर नेमका शब्द मिळाला असता.

'मा'चं प्रयोजक रूप 'मापयति', त्यावरून आपला मापणे. म्हणजे मावणे आणि मापणे सख्खी भावंडं. ताई, तुमच्या मुलाच्या वाट्याला यातलं एकच भावंड किती वेळा आलं असेल ते तुम्हीच जाणता. बुद्ध्यांक मापा, वय मापा, टक्के मापा. या कायद्याच्या बऱ्याच लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात, म्हणून मापणं चुकत नाही, ते करून घ्याच. पण वर्गाचं, मैदानाचं, मंडपाचं माप घेणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही.

मामेबहिणीचा तो मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. मार्केट यार्डाजवळच्या एका मसाल्याच्या दुकानात तो हळदीच्या पुड्या खोक्यांत भरतो. एका खोक्यात दहा पुड्या. त्याला सहाच्या पुढे मोजताना गोंधळ व्हायचा. पुड्या कधी नऊ जायच्या, कधी बारा. दुकानदाराने पुठ्ठ्याचे उभे-आडवे तुकडे घालून एका ट्रेमध्ये दहा खण करून दिले. प्रत्येक खणात एक पुडी उभी ठेवायची, खण संपले की ट्रे खोक्यात रिकामा करायचा. मी तिथे जाऊन बसलो होतो. तो पुडी ठेवताना तिचं तोंड वरच्या बाजूला आहे ना ते अंगठ्याने चाचपून बघतो. खोकं भरलं की त्यावर हाताचा पंजा थापतो आणि "झालं" म्हणतो. त्या दिवशी मी मोजली, चाळीस खोक्यांत एकही चूक नव्हती. काम तेच राहिलं, मोजायचं माप तेवढं बदललं.

कायद्यात याला इंग्रजीत 'रीझनेबल ॲकॉमोडेशन' म्हणतात. त्या 'ॲकॉमोडेशन'च्या पोटात लॅटिन 'मोडुस' बसलाय आणि 'मोडुस' म्हणजे माप! रोमनांनाही माणसाची सोय लावायची म्हटल्यावर मापच आठवलं. यावरून मी एका परिसंवादात 'वाजवी समायोजन'ऐवजी 'वाजवी मापबदल' सुचवला होता. अध्यक्षांनी तो शब्द बोजड ठरवला. 'समायोजन' बोजड नाही आणि 'मापबदल' आहे? कोणत्याही शिंप्याला विचारा, दोनांतला कोणता शब्द कळतो.

'सामावून घेणे'मधलं 'घेणे' मात्र मला थोडं खुपतं. अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेतलं, बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांना सामावून घेतलं, अशा बातम्यांनी त्या शब्दाला उपकाराचा वास लागलाय. घेणारा वर, घेतला जाणारा खाली. पण म्हणून शब्द टाकायचा नाही. 'घेऊ या' काढा आणि 'सगळे मावतील असा मांडव' म्हणा.

मतिमंदाचं. संस्कृतात रूढ शब्द मंदमति, मंदबुद्धी. आपण तो उलटा केला, वर्षानुवर्षं शाळांच्या पाट्यांवर लिहिला आणि आता मैदानावर झेल सुटला की पोरं एकमेकांना तो शिवीसारखा मारतात. तो आता माणसाला लावण्याजोगा राहिलेला नाही, टाकून द्या. 'गतिमंद' सौम्य आहे, शिकायला वेळ लागतो एवढंच सांगतो, पण ऑटिझमबद्दल काहीच सांगत नाही. १९९५च्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६च्या कायद्यात ते स्वतंत्रपणे आहे आणि 'बौद्धिक अक्षमता'ही वेगळी आहे. तेव्हा कागदावर नेहमी प्रमाणपत्रातलाच शब्द लिहा. तो अठरा वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान होईल. तेव्हा राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करायची वेळ आली, तर कागदोपत्री वेगवेगळे शब्द असले की खेटे वाढतात. आणि ओळख करून देताना त्याचं नाव सांगा. मग हवं तर म्हणा, "त्याला मोठा आवाज सहन होत नाही, तेवढं बघा." समोरच्याला उपयोगी पडेल असं त्या वाक्यात जास्त आहे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझा निरोप द्या. फलकावरून 'विशेष मुलांना' काढा, 'समावेशन' तर लिहूच नका. त्याऐवजी लिहा : 'रोज संध्याकाळी सहाची आरती नुसत्या टाळांवर, स्पीकर बंद.' वेळ मोठ्या अक्षरात.