‘पूर्ण वर्ग’ की वर्ग पूर्ण?

एका मुलीच्या पालकांचा प्रश्न आहे: ‘दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणं सोडवायची पूर्ण वर्ग पद्धती आहे. यातला वर्ग आधीच पूर्ण असतो की आपण करायचा? करायचा असेल तर अपुरं काय असतं? आणि हिंदीवाले द्विघात समीकरण म्हणतात, मग आपण वर्गसमीकरण का?’

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. ‘द्विघात’ घातांक सांगतो, ‘वर्गसमीकरण’ त्या घाताला आधीपासून असलेलं नाव वापरतो. दोन्ही बरोबर आहेत. मराठीत ‘घात’ ऐकला की सामान्य माणसाला आधी दगाफटका आठवतो, एवढाच काय तो फरक.

खरी गंमत पहिल्या प्रश्नात आहे. वर्ग आपणच पूर्ण करायचा असतो. बोलताना शिक्षक ‘वर्ग पूर्ण करून घ्या’ असंच म्हणतात, छापताना मात्र त्याचं ‘पूर्ण वर्ग पद्धती’ होतं आणि ‘पूर्ण’ हे नुसतं विशेषण वाटायला लागतं. पण मुलांचं अडतं ते ‘वर्ग’ या शब्दावर. शाळेत वर्ग म्हणजे तुकडी, बँकेत रक्कम वर्ग करतात, आणि गणितात वर्ग म्हणजे संख्येला तिनेच गुणणं. यातल्या कुठल्याही वर्गाचा कोपरा तुटलेला कसा असेल?

संस्कृतात ही अडचण नव्हती. आर्यभटाने वर्गाची व्याख्या करताना दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: समचतुरश्र आकृती म्हणजे वर्ग, आणि दोन सारख्या संख्यांचा गुणाकार हाही वर्ग. हिंदीने हा दुहेरी अर्थ टिकवला, म्हणून तिकडे जागा ‘वर्ग फुटा’त मोजतात. मराठीने वाटणी केली. आकृती ‘चौरसा’कडे गेली (हा शब्द त्याच चतुरश्राच्या घराण्यातला) आणि संख्या ‘वर्गा’कडे राहिली. फ्लॅट आपण चौरस फुटात घेतो. या वाटणीत ‘वर्ग पूर्ण करणे’ यातलं चित्रच हरवलं.

ते चित्र परत काढू. सुमारे ८२० साली बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने घेतलेलं उदाहरण आहे: क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा एक चौरस काढा. १०क्ष क्षेत्रफळाची पट्टी मधोमध कापून ५ रुंदीच्या दोन पट्ट्या करा. एक चौरसाच्या उजवीकडे लावा, दुसरी खाली. आता मोठा चौरस जवळजवळ तयार झाला, फक्त उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा आहे. हा कोपरा ५ बाय ५ चा, म्हणजे २५. तो भरला की एकूण ३९ + २५ = ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष = ३. पुस्तकात ‘क्ष च्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवा’ म्हणून जे पाठ करून घेतात, ते म्हणजे हा कोपरा. निम्मं का, तर पट्टी दोन बाजूंना वाटली म्हणून. (−१३ हे दुसरं मूळ या चित्रात दिसणार नाही. बाजू ऋण कशी असेल?)

आपल्याकडच्या जुन्या गणितात याच रीतीला वेगळं नाव आहे आणि मला ते फार आवडतं: मध्यमाहरण. मधलं पद हरण करणं. क्ष चं पद मध्ये बसलंय तोवर सरळ वर्गमूळ काढता येत नाही. क्ष² + १०क्ष + २५ चं (क्ष + ५)² झालं की ते मधलं पद वेगळं उरतच नाही. एकाने काय भरायचं ते नावात घातलं, दुसऱ्याने काय घालवायचं ते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात या नावाचं प्रकरणच आहे आणि त्यात त्यांनी श्रीधराचार्यांचं सूत्र नाव घेऊन दिलंय: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा.

करून बघा. २क्ष² + ३क्ष = १४. आठाने गुणा: १६क्ष² + २४क्ष = ११२. दोन्हीकडे ९ मिळवा: (४क्ष + ३)² = १२१. धन मूळ घेतलं तर ४क्ष + ३ = ११, क्ष = २; ऋण घेतलं तर क्ष = −७/२. पुस्तकी रीतीने आधी २ ने भागलं असतं तर पाव-सोळांश अपूर्णांकांत शिरावं लागलं असतं. इथे अपूर्णांक आलाच तर थेट उत्तरात.

पेपरात ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ असंच येणार, त्यामुळे ते नाव मुलीला माहीत हवंच. घरी समजावताना मात्र बेधडक ‘चौरस पूर्ण कर’ म्हणा, आणि हातात चौकटीचा कागद द्या.