बाबांचं बोट टॅबला कळत नाही

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी भूमापनाचं काम केलं. आम्ही भावंडांनी त्यांना टॅब घेऊन दिला, पण थोड्याच दिवसांत तो कपाटात गेला. 'हे यंत्र माझं ऐकतच नाही,' म्हणतात. दाबलेलं उघडत नाही, चित्रं जागा सोडून पळतात. मी कितीदा तरी समोर बसून दाखवलं. आता वय झालं, असं समजून नाद सोडावा का?
– एक वाचक

उत्तर : मुळीच सोडू नका. आणि बाबांचं म्हणणं अक्षरशः खरं माना. ते यंत्र खरंच त्यांचं ऐकत नाहीये. मी बरीच वर्षं ज्येष्ठांना टॅब शिकवते आहे. नव्याने येणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकते आणि तिचं मूळ बहुधा बोटाच्या टोकाशी सापडतं. बुद्धीचा तिथे काही संबंध नसतो.

टॅबच्या काचेखाली विजेचं अगदी क्षीण क्षेत्र असतं. आपल्या त्वचेतून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकलं की त्या जागच्या विद्युतभारात फरक पडतो आणि टॅब तो टिपतो. वयाबरोबर त्वचा कोरडी होत जाते. त्यातून बोटांची टोकं कामाने निबर झालेली असली, तर हा फरक इतका कमी पडतो की स्पर्श झाल्याचं टॅबला कळतच नाही. मग माणूस जोर लावतो, दाबून धरतो. टाइपरायटर, रिमोट, लिफ्टचं बटण, सगळ्यांनी बाबांना हेच शिकवलंय. इथे जोराचा काही उपयोग नाही. शिवाय दाबून धरणं ही टॅबच्या दृष्टीने वेगळीच आज्ञा आहे. ती मिळाली की चिन्हं सरकवण्याची सोय सुरू होते. चित्रं पळतात ती त्यामुळे.

बाबांना हाताला मॉइश्चरायझर लावू दे, ते पूर्ण मुरू दे, मग टॅब हातात द्या. बोट उभं धरलं तर आधी नख टेकतं आणि नख काचेला कळत नाही, म्हणून बोटाचा मऊ भाग आडवा टेकवायचा. वर जाड संरक्षक काच चिकटवली असेल तर ती काढून पाहा. एवढ्याने भागलं नाही तर रबरी टोकाचा स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर टेकवायची पेनासारखी कांडी, घ्या. तो वापरण्यात कमीपणा काहीच नाही. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाचा विभाग असतो. अँड्रॉइडवर तिथे 'टच अँड होल्ड डिले' मिळेल, तो 'लाँग' करा, म्हणजे बोट जरा रेंगाळलं तरी गोंधळ होणार नाही. आयपॅडवर याच विभागात 'टच अकोमोडेशन्स' आहे. हात थरथरत असेल तर एकाच जागी चुकून पडलेले लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करायची सोयही त्यात आहे.

आता तुमच्याशी थोडं बोलते. तुम्ही 'समोर बसून' शिकवलंत. समोर बसलं की दोघांपैकी एकाला स्क्रीन उलटी दिसते. शेजारी बसा, आणि तुमचे हात मांडीवर ठेवा. हे मी फार कळकळीने सांगते आहे. 'थांबा, मी करून देते' म्हणत मुलांनी टॅब ओढून घेतला की आईवडिलांचा चेहरा कसा उतरतो, ते मी वर्गात पाहिलंय. बाबांना वेळ लागेल, चुकीचं पान उघडेल. मागे कसं यायचं तेही त्यांचं त्यांना सापडू दे. घाईत तुम्ही असता, ते नसतात.

सुरुवात कशाने करायची? व्हिडिओ कॉलने नको, त्यात तुमची हौस जास्त असते. भूमापन केलेल्या माणसाला नकाशा द्या! उपग्रहातून टिपलेली जमीन, दोन बोटांनी मोठी होणारी नदी, आणि स्वतः कधीकाळी मोजलेला परिसर. बोटांना लागणारी सगळी सवय त्यातच होऊन जाते.

अक्षर मोठं आणि ठळक करा, पण अगदी शेवटच्या टोकापर्यंत नको. ओळी तुटतात, कधी बटणं स्क्रीनबाहेर जातात. बाबा म्हणतील, कागदावरच वाचायला बरं. वाद घालू नका. जर्मनीतल्या माइंत्स विद्यापीठाच्या संशोधकांनी कागद, ई-रीडर आणि टॅब यांवरचं वाचन तपासलं होतं. ते संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. लोकांनी पसंती कागदालाच दिली. पण डोळ्यांच्या हालचाली आणि मेंदूतले विद्युतसंकेत मोजले, तेव्हा ६० ते ७७ वयाच्या वाचकांना टॅबवर वाचायला कमी श्रम पडत असल्याचं दिसलं. समज तिन्हींवर सारखीच होती. संशोधकांनी याचं कारण टॅबवरच्या ठळक उजेड-काळोखाच्या फरकात शोधलं. तेव्हा वर्तमानपत्र कागदाचंच राहू दे, बारीक छपाईचं जुनं पुस्तक मात्र एकदा टॅबवर उघडून द्या.

प्रश्न : मी ८१ वर्षांची आहे. नातवाने टॅब दिलाय. भलतंच काही दाबलं जाऊन तो बिघडेल किंवा पैसे जातील, या भीतीने हात लावत नाही.
– एक आजी

उत्तर : आजी, नुसतं बोट लागून टॅब बिघडत नाही. वाट चुकलीच, तर पहिल्या पानावर परतायची खूण नातवाकडून शिकून घ्या आणि मग खुशाल फिरा. पैशांची भीती मात्र रास्त आहे, तिला मी हसणार नाही. पण पैसे जातात ते बहुतेकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून काही केल्यामुळे. फोनवर कुणी ओटीपी मागितला, एखादं अ‍ॅप घ्यायला लावलं किंवा तुमची स्क्रीन त्याला दाखवायला सांगितली, तर उत्तर न देता फोन ठेवा. तो बँकेचं नाव सांगो की पोलिसांचं, घाई करत असेल तर आणखी लवकर ठेवा. नातवाला टॅबवरून बँकेचं खातं आणि कार्डाची नोंद काढून टाकायला सांगा. तुम्हाला वाचायचं आणि गाणी ऐकायची असतील, तर त्यासाठी खात्याची गरजच नाही.