आधी मरणं कमी कर

प्रिय धाकट्या,

डोटा हा कॉम्प्युटर गेम सुरू करायचा तर आधी काय शिकू, असं विचारलंस. सोबत दहा व्हिडिओंच्या लिंकही पाठवल्यास. त्या राहू देत. कॉम्बो नको, आयटमची यादी पाठ करणं नको, सव्वाशेच्या आसपास हिरो, म्हणजे खेळायची पात्रं, आहेत त्यांची नावंही नकोत. आधी मरणं कमी कर. सुरुवातीचे काही महिने एवढंच जमवलंस तरी पुष्कळ झालं.

एका मरणाचा हिशेब मांडून बघ. तुझ्या गाठीचं थोडं सोनं गेलं, मारणाऱ्याला सोनं आणि एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभव) मिळाला, आणि तू परत उभा राहीपर्यंत तुझी टीम चौघांची झाली. लेव्हल वाढेल तसा हा थांबायचा वेळही वाढतो, शेवटी शेवटी तर मिनिटाच्या वर जातो. तेवढ्या वेळात समोरचे पाच जण येऊन टॉवर, म्हणजे तुमचा राखणीचा बुरूज, पाडून जातात. आणि नवा पोरगा मॅच संपल्यावर काय सांगतो? "मी सहा मारले." अरे, पण मेलास किती वेळा?

खेळ दिसायला मारामारीचा असला तरी जिंकायचं असतं ते समोरच्यांची एन्शंट ही इमारत पाडून. वॉरक्राफ्ट 3 या गेमच्या एका मॉडमधून (खेळणाऱ्यांनी बदलून केलेल्या आवृत्तीतून) हा प्रकार वाढला. पुढे 2009 मध्ये लीग ऑफ लेजेंड्स आला, 2013 मध्ये डोटा 2, म्हणजे आपण खेळतो तो. पाच विरुद्ध पाच, तीन लेन (वाटा), मधून नदी, हा सांगाडा तेव्हापासून तसाच आहे. किल, म्हणजे समोरच्या हिरोला मारणं, हे इमारत पाडायचं साधन. हे डोक्यात बसलं की निम्म्या ठिकाणी तू जाणारच नाहीस, आणि जिथं जाणार नाहीस तिथं मरणारही नाहीस.

माणूस मरतो कशानं? बहुतेक वेळा न दिसल्यानं. म्हणून डोळ्यांना सवय लाव: दर चार-पाच सेकंदांनी नजर मिनीमॅपवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, गेली पाहिजे. समोरचे पाच मोज. तीन दिसतायत, दोन दिसत नाहीत? मग ते दोघं तुझ्याकडेच येतायत असं धरून चाल आणि आपल्या टॉवरकडे सरक. दहातल्या सात वेळा ते दुसरीकडेच असतील, असू देत. या खेळात दर 5 मिनिटांनी दिवस-रात्र बदलते आणि रात्री नजर बरीच आखूड होते, हे नवख्यांच्या लक्षातच येत नाही. अंधार पडला की नदी ओलांडताना दोनदा विचार कर. ऑब्झर्व्हर वॉर्ड, म्हणजे नकाशावर लावायचे टेहळणीचे डोळे, फुकट मिळतात आणि 6 मिनिटं टिकतात. ते दुकानात पडून राहिलेले दिसले की मला अजून राग येतो. तू सपोर्ट (टीमला सांभाळणारा) नसलास तरी एखादा उचलून लाव, त्यानं कुणाचा हुद्दा कमी होत नाही.

टॉवरचं एक गणित पाठच कर. समोरच्या टॉवरच्या टप्प्यात शिरून त्यांच्या हिरोवर हात टाकलास की टॉवर क्रीपना, म्हणजे आपोआप लढणाऱ्या शिपायांना, सोडून तुझ्यामागे लागतो. अशा वेळी कीबोर्डवरचं ए दाबून आपल्याच जवळच्या क्रीपवर क्लिक कर. टॉवरचा नेम बहुधा तुझ्यावरून हटतो. सरावाच्या डेमो मोडमध्ये जाऊन हे करून बघ, वाचून कळणार नाही. आणि टीपी स्क्रोल, जो आपल्या टॉवरपाशी थेट पोचवतो, कायम जवळ असू दे. 100 सोन्याची ती वस्तू नाही म्हणून किती टॉवर गेलेत याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता हिरो. नवख्याला सपोर्ट द्यायची रीत आहे, मला ती पटत नाही. वॉर्ड कुठं लावायचा, कुणाला कधी वाचवायचं, हे नकाशा कळल्याशिवाय समजतच नाही, मग तो बिचारा लेनमध्ये नुसता उभा राहून शिव्या खातो. तू रेथ किंग घे. बटणं कमी, अंगानं दणकट. लेव्हल 6 ला त्याला असं कौशल्य मिळतं की मेला तरी जागच्या जागी परत उठतो. (आधी मरू नकोस म्हणायचं आणि मग हा हिरो द्यायचा, हे मलाही गमतीचं वाटतं. त्याच्या भरवशावर उड्या मारू नकोस म्हणजे झालं.) पहिल्या 30-40 मॅच हाच. कंटाळा आला तर ऑगर मॅजाय नाहीतर लिच. रोज नवा हिरो घेतलास तर रोज पहिलाच दिवस असेल.

रेथ किंगबरोबर लास्ट हिट आलाच. क्रीपला शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचं. दर 30 सेकंदांनी लाट येते. सुरुवातीला तिच्यात तीन जवळून लढणारे आणि एक लांबून मारणारा. म्हणजे 10 मिनिटांत तुझ्या लेनमधून साधारण 80 क्रीप जातात. पहिल्या महिन्यात 25-30 मिळाले तरी ठीक. एक क्रीप गेला तर जाऊ दे, त्याच्यासाठी पुढं जाऊन मेलास तर तीन लाटा जातात.

कॅरीचं, म्हणजे शेवटी मॅच ओढून नेणाऱ्याचं, कौतुक सगळे करतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. संक्रांतीला आपल्या सोलापुरात सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात तेव्हा काठी पेलणारा सगळ्यांना दिसतो. पण त्याच्या भोवती तोल सावरणारे, वाट मोकळी करणारे, तो थकला की खांदा द्यायला तयार असणारे किती असतात ते तू लहानपणापासून बघतोयस. मॅच जिंकलास की सपोर्टला दोन शब्द टाइप कर. असं करणारा माणूस लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी पार्टीत (सोबत खेळायच्या गटात) बोलावणं येतं.

बोलण्याबद्दल. सर्व्हर इंडिया निवड, पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) कमी राहील. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळू नकोस, जमलं तर राउटरला केबल लाव. या सर्व्हरवर कोण कुठल्या भाषेत बोलेल सांगता येत नाही. तुला त्याचं काय? घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी, असं ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या पोराला "दोघे गायब, मागं ये" एवढं कुठल्याही भाषेत सांगता येतं. नाहीच जमलं तर इशारा कर, त्यालाही पिंगच म्हणतात. नकाशावर एक क्लिक पुरतो. शिव्या देणाऱ्याला पहिल्या वाक्याला म्यूट कर, उत्तर देत बसू नकोस. माईकवर माझा आवाज ऐकला की काहींना खेळ सोडून भलतंच सुचतं. त्यांना म्यूट करायला मला एक सेकंद लागतो आणि मॅच माझी चांगली जाते.

मॅच मधेच सोडता येत नाही, हे घरच्यांना आधी समजावून ठेव. साधारण 30 ते 50 मिनिटं धर. 5 मिनिटांपेक्षा जास्त गायब राहिलास की ॲबँडन (मॅच सोडल्याचा शिक्का) लागतो, आणि ते वारंवार झालं की लो प्रायॉरिटीत, म्हणजे शिक्षेच्या वेगळ्या रांगेत, टाकतात, तिथली संगत बघवत नाही. त्यामुळे नळाला पाणी यायच्या दिवशी मॅचची क्यू लावूच नकोस. चार दिवसांनी येणारं पाणी तुझ्या टीमफाइटसाठी थांबणार नाही, आणि आई हाक मारेल ती वेगळीच. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर राउटरला छोटा बॅकअप लाव. मे महिन्यात दुपारी लॅपटॉपवर खेळायचं तर खाली हवा जाऊ दे, आपल्या उन्हात तो आधी तापतो, मग अडखळतो, आणि तू मरतोस.

पैशाचं थोडक्यात. गेम फुकट आहे, सगळे हिरो पहिल्या दिवसापासून खुले. फक्त डिस्कवर 60 जीबी जागा ठेव. स्किननं (हिरोच्या विकतच्या पोशाखानं) ताकद वाढत नाही, नुसतं रूप बदलतं. पैसे लावून खेळायच्या ॲपवर 2025 च्या कायद्यानं बंदी आली, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्यानं मान्यता दिली. बाबांना हे दोन्ही एकच वाटत असेल तर फरक सांग. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघानं कांस्य आणलं, हेही सांग. पण लगेच करिअरची भाषा काढू नकोस, आधी बारावी. मित्र मोबाईल लेजेंड्स हा फोनवरचा असाच खेळ व्हीपीएनवरून (बंदी चुकवून) खेळू म्हणेल. 2020 मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ॲपमधलं ते आहे, नको. फोनवरच खेळायचं तर पोकेमॉन युनाइट बघ, त्याची मॅच 10 मिनिटांत आटपते.

रँकच्या (क्रमवारी ठरवणाऱ्या) मॅचची घाई तुला करताच येणार नाही, त्याआधी सुमारे 100 तास खेळावं लागतं. ती चांगली सोय आहे. त्या तासांत रोज एक रिप्ले बघ. अख्खा नको, फक्त तुझी मरणं. प्रत्येक मरणाच्या पंधरा सेकंद आधी थांबव आणि मिनीमॅपवर काय दिसत होतं ते बघ. बहुतेक वेळा उत्तर तिथंच असतं आणि तू स्वतःलाच म्हणशील, "कुठं जायलालास बे!" वहीत एक ओळ लिही: कुठं मेलो, कोण दिसत नव्हतं. सलग दोन मॅच हरलास की बंद कर. तिसरी लावलीस तर ती डोकं फिरलेल्या माणसाची मॅच असते.

शनिवारी रात्री साडेनऊनंतर मी ऑनलाइन असते. तुझा फ्रेंड आयडी पाठव. तू रेथ किंग, मी लिच घेऊन तुझ्या लेनमध्ये येते. वही जवळ ठेव.

तुझी,
ताई